बॅड पॅच

बॅड पॅच : अडचणीच्या किंवा अपयशाच्या, परंतु आज ना उद्या सरेल असे गृहीत धरलेल्या काळासाठी मराठीत रुळलेला इंग्रजी शब्दप्रयोग. तो पुल्लिंगी असून ‘सध्या बॅड पॅच चालूय’ अशा वाक्यांत येतो.

इंग्रजीत ‘पॅच’ म्हणजे ठिगळ, तसाच भोवतालच्या जमिनीहून वेगळा दिसणारा तुकडा. मराठीत तो मुख्यतः क्रिकेटच्या वार्तांकनातून पसरला. धावा न होणाऱ्या फलंदाजाचा बॅड पॅच, तर बहरात असलेल्याचा ‘पर्पल पॅच’. यातले जांभळे ठिगळ मुळात रोमन कवी होरेसचे असून ती उपमा त्याने भपकेबाज, विसंगत वर्णनाला दिली होती. मराठीत ठिगळ फाटके सावरण्यासाठी लावतात, त्यामुळे ‘वाईट ठिगळ’ असे भाषांतर रुजणे अवघडच होते.

मराठवाड्याच्या बोलीत अडचणीच्या काळासाठी आधीपासूनच शब्द आहेत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. तंगी, हलाखी, मुसीबत, आफत हे फार्सी-अरबी मुळांचे शब्द येथील बोलण्यात मुरलेले आहेत, आणि ‘दिवस फिरले’, ‘साडेसाती लागली’ हे प्रयोगही आहेतच. साडेसातीला शनी हा कर्ता आहे, साडेसात वर्षांची मुदत आहे आणि शांतीचा उपायही आहे. बॅड पॅचला यांपैकी काहीच नाही. त्यात दोष कोणाचाच नसतो, हीच त्याची सोय. ‘पैशाची तंगी आहे’ म्हणणारा घरची गोष्ट उघडी करतो. ‘बॅड पॅच आहे’ म्हणणारा धंदा बसला, परीक्षा हुकली की सोयरीक मोडली, हे झाकून ठेवतो आणि ऐकणाराही बहुधा खोदून विचारत नाही. चारचौघांत अब्रू राखणारा शब्द म्हणून तो शिकलेल्या तरुणांना जवळचा वाटतो.

सामूहिक आपत्तीला मात्र तो पुरत नाही. मिलो ही आयात ज्वारी आणि सुकडी हा पूरक आहार यांच्या आठवणींशी जोडलेला १९७२ चा दुष्काळ येथे ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणूनच ओळखला जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप किंवा २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तो उन्हाळा यांना कोणी बॅड पॅच म्हटले, तर ऐकणाऱ्याला ती थट्टाच वाटेल. पाऊस हुकलेल्या एखाद्या हंगामाबद्दल मात्र शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा हा शब्द सहज वापरतो.