डोळ्यात टाकलेला थेंब घशाला कडू का लागतो?

गेल्या पावसाळ्यात भाच्याला सर्दी-ताप झाला. घरच्या किटवर कोरोनाच्या दोन रेघा उमटल्या आणि चौथ्या दिवशी, ताप उतरतोय न उतरतोय तोच, उजवा डोळा पेटला. "मामा, डोळा बघ की, तांबडा रस्सा झालाय नुसता!" गंगावेशीतल्या बहिणीच्या घरी मी पोचलो तेव्हा माझी आई, म्हणजे त्याची आजी, भिंतीकडे तोंड करून बसलेली. "त्याच्याकडं बघू नगंस, तुझंबी येतील." पठ्ठ्याने कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून थेंब आणून टाकलेही होते. तक्रार एवढीच, की घशात लय कडू लागतंय.

त्या कडू चवीतच निम्मं शास्त्र आहे. आरशापुढे उभे राहा आणि खालची पापणी नाकाच्या बाजूला जरा खाली ओढा. कडेवर टाचणी टोचल्यासारखं बारीक भोक दिसेल. डोळ्यातलं पाणी त्यातून अश्रुनलिकेत उतरतं, तिथून नाकात आणि नाकातून घशात. रडताना नाक वाहतं ते यामुळेच. थोडक्यात, नाक आणि डोळा या एकाच वाड्यातल्या खोल्या, आणि मधल्या दाराला कडी नाही. शिवाय सर्दीत नाक पुसलेला हात डोळ्याला लागतोच.

बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतून एक पारदर्शक पापुद्रा असतो. तो सुजला की त्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आपण म्हणतो, डोळे आले. कोरोनाचा विषाणू ज्या एसीई-२ नावाच्या रेणूला धरून पेशीत शिरतो, तो या पापुद्र्यावरही असतो. तरी सुरुवातीच्या साथीत हे लक्षण दुर्मीळच होतं: चीनमधल्या १,०९९ रुग्णांच्या नोंदीत डोळे लाल झालेले फक्त ९. पुढे २०२३च्या उन्हाळ्यात कोरोनाचा एक्सबीबी.१.१६ हा प्रकार पसरला, तेव्हा आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांना लहान मुलांचे लाल, खाजरे डोळे जास्त दिसू लागले. या कुळाला ती सवय जुनीच म्हणायची. एनएल-६३ हा सर्दीचा कोरोना विषाणू नेदरलँड्समध्ये सापडल्याचं २००४ मध्ये जाहीर झालं, तो ज्या सात महिन्यांच्या बाळात मिळाला त्याला छातीच्या विकाराबरोबर डोळेही आलेले होते.

पण कोरोनानंतर आलेला प्रत्येक डोळा कोरोनाचाच, असं धरून चालू नका. डोळ्यांच्या साथीतला जुना ठेकेदार ॲडिनोव्हायरस. २०२३च्या जुलैत आळंदीतल्या विद्यार्थ्यांपासून राज्यभर जी साथ गाजली, त्या सुमाराच्या नमुन्यांत कॉक्सॅकी ए-२४ हा आणखी वेगळा विषाणू सापडला. फरक कामाचा आहे. कोरोनाला बाहेरून चरबीचं आवरण असतं, साबण-सॅनिटायझरने ते फाटतं. या दोघांना तसं आवरणच नाही. सॅनिटायझरला ते सहज दाद देत नाहीत, ॲडिनोव्हायरस तर टॉवेलावर, दाराच्या कडीवर दिवसेंदिवस तग धरतो. तिथे नळाखाली साबणाने हात चोळून धुणंच खरं.

नजरेतून मात्र यातला एकही पसरत नाही. गॉगलचा उपयोग उजेड सोसायला आणि डोळ्याकडे जाणारा हात अडवायला, इतकाच.

भाच्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी कानाच्या पुढे बोटाने दाबून गाठ सुजली आहे का पाहिलं. विषाणूमुळे डोळे येतात तेव्हा ती पुष्कळदा हाताला लागते. मग त्याच्या दंडाकडे बघत विचारलं, "तालमीत जातोस?" मला वाटलं, गप्पा मारताहेत. प्रश्न वैद्यकीय होता. कुस्तीत कातडीला कातडी घासते आणि त्यातून हर्पिस नावाचा विषाणू पसरतो, तो डोळ्यातही जाऊ शकतो. दुकानातून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली एका दिवसात उतरते, माणूस खूश होतो. पण डोळ्यात हर्पिस असेल तर काळ्या बुबुळावरच्या काचेला पडलेली जखम फोफावते आणि नजर जाऊ शकते.

त्यांनी केशरी रंगाची कागदी पट्टी ओली करून पापणीला टेकवली, खोलीतला दिवा मालवला आणि निळा उजेड टाकला. जखम असती तर झाडाच्या फांदीसारखी हिरवी चमकली असती. फांदी नव्हती. दुकानातल्या थेंबांची बाटली टेबलावरच राहिली; मिळालं ते फक्त अश्रूंसारखे साधे थेंब आणि थंड पाण्याची घडी. डोळा ठणकायला लागला, उजेड सोसेनासा झाला किंवा धूसर दिसलं तर त्याच दिवशी परत या, असं बजावलं.

"आखाड्यात कधी उतरू?" त्याचा एकच प्रश्न.

"पाणी गळायचं थांबल्यावर. आणि टॉवेल स्वतःचा न्यायचा."

नवव्या दिवशी डोळा निवळला. आजीने फडताळातून नवा पंचा काढला आणि त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने खूण घातली.