अर्ध्यात सोडलेलं पुस्तक

पुस्तक आपल्याला आवडत नाहीये हे कळायला फार पानं लागत नाहीत. सोडायला मात्र मन धजत नाही. रोज दोन-चार पानं रेटली जातात, आणि मध्येच दुसरं काही वाचायला घेतलं की उगाच अपराधी वाटतं. हाती घेतलेलं तडीस न्यावं हा संस्कार त्यामागे आहेच, पण कारणं त्याहून खोल आहेत. ती उंदरांमध्येही सापडली आहेत.

आधी माणसांचं पाहू. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी 1985 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामभराची तिकिटं काढायला आलेल्या 60 जणांपैकी काहींना पूर्ण म्हणजे 15 डॉलर मोजावे लागले; बाकीच्यांना, कोणताही निकष न लावता, 2 किंवा 7 डॉलरची सूट मिळाली. नाटकं तीच, खुर्च्याही तशाच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. खर्च झालेले पैसे कोणालाच परत मिळणार नव्हते, पण ते ‘वसूल’ करण्याची ओढ होती. बुडीत खर्चाचा हा प्रभाव. दुसऱ्या अर्ध्यात तो फरक मावळला, म्हणजे पैशाची टोचणी कालांतराने बोथट होते. विकत आणून वर्षभर पडलेलं पुस्तक न वाचता देऊन टाकणं त्यामानाने सोपं जातं, ते बहुधा यामुळेच.

पुस्तकात पैशापेक्षा वेळ जास्त जातो, म्हणून 2018 साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं काम वाचकांसाठी मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांनी लहान उंदीर, मोठे उंदीर आणि माणसं अशा तिघांना सारखाच पेच घातला. उंदरांपुढे खाऊ मिळण्याच्या वेगवेगळ्या जागा होत्या, माणसांपुढे छोटे व्हिडिओ. किती थांबावं लागेल ते आधी कळायचं. ते स्वीकारायचं की पुढे जायचं हे ठरवायचं, आणि स्वीकारल्यावरही मध्येच उठून जाता यायचं. जितका वेळ थांबून झालेला, तितकं उठणं कठीण, असं तिन्हींमध्ये दिसलं. उरलेला वेळ सारखाच असला तरी! पण हो-नाही करण्यात गेलेला वेळ या हिशेबात धरला जात नव्हता. एकदा ‘हो’ म्हटलं की मगच गुंतणं सुरू व्हायचं.

म्हणून पुस्तक ‘वाचायला घेतलं’ असं स्वतःशी म्हणण्याआधी त्याची पंधरा-वीस पानं चाळावीत. पहिलं प्रकरण, मग मधलंच एखादं पान. त्या वेळी आपण अजून उंबऱ्याबाहेर असतो आणि परत फिरणं जड जात नाही.

आत शिरल्यावर कधी निघावं, याचं उत्तर पक्ष्यांच्या अभ्यासात आहे. एरिक चार्नोव्ह यांनी 1976 साली सीमांत मूल्याचा सिद्धांत मांडला. एका जागी अन्न मिळण्याचा वेग घटत घटत सगळ्या परिसराच्या सरासरी वेगाइतका झाला, की प्राण्याने ती जागा सोडावी. पुढच्याच वर्षी रिचर्ड कावी यांनी ते ग्रेट टिट पक्ष्यांवर पडताळलं. भुशाने भरलेल्या कपांत अळ्यांचे तुकडे लपवले आणि वर झाकणं बसवली, काही सैल तर काही घट्ट. नवा कप उघडायला कष्ट जास्त पडत, तेव्हा पक्षी हातच्या कपात जास्त वेळ थांबत.

या गणितात आधी किती दाणे टिपले याला जागाच नाही. आता काय मिळतंय आणि इतरत्र काय मिळेल, एवढंच पाहायचं. शेजारी पाच चांगली पुस्तकं वाट पाहत असतील तर मध्यम पुस्तक लवकर सोडावं. लांबच्या प्रवासात तेवढं एकच सोबत असेल तर ते पूर्ण करण्यातच शहाणपण. इंग्रजी वाचनाच्या अनेक अभ्यासांचा 2019 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात ललित पुस्तकांचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे 260 शब्द आला. त्या वेगाने 90,000 शब्दांच्या कादंबरीला पावणेसहा तास लागतात. निम्मी संपली असेल तर प्रश्न उरलेल्या पावणेतीन-तीन तासांचा आहे.

मात्र कपातल्या अळ्या कमीच होत जातात, पुस्तकाचं तसं नसतं. काही पुस्तकं शंभर पानं माती भुसभुशीत करतात आणि मग भरभरून देतात. म्हणून कंटाळा आणि अवघडपणा यांत गल्लत होऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. इथे डोळ्यांच्या हालचाली मदतीला येतात. अवघड मजकुरावर डोळे थबकतात, मागे जातात. मन भरकटलेलं असताना डोळे ओळींवरून फिरतच राहतात, पण 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं की तेव्हा शब्द लांब आहे की छोटा, नेहमीचा आहे की दुर्मीळ, याचा नजरेवर फारसा परिणाम उरत नाही. नजर शब्दांवर, वाचणं बंद. एखादा परिच्छेद तुम्ही समजेना म्हणून पुन्हा वाचत असाल, तर पुस्तकाशी झटापट चालू आहे. त्याला अजून वेळ द्यावा. काय वाचलं तेच आठवेना म्हणून पुन्हा वाचत असाल, आणि दोन-तीन ताज्यातवान्या सकाळीही तेच होत असेल, तर पुस्तक मिटावं.

सिअॅटलच्या माजी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा यावर एक प्रसिद्ध नियम आहे: 50 पानं वाचा आणि ठरवा; वय पन्नाशीच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा. सत्तरीच्या वाचकाने 30 पानं द्यायची. मला तो आवडतो, पण सगळ्या पुस्तकांना एकच माप लावू नये असंही वाटतं. कथासंग्रहात दोन कथा पुरतात, आणि त्यातली एक मधली असावी. वैचारिक पुस्तकात लेखकाचा मुद्दा प्रस्तावनेत आणि पहिल्या प्रकरणातच बहुधा उघड होतो. परक्या काळातल्या, नावांच्या गर्दीच्या मोठ्या कादंबरीला मात्र शंभर पानं द्यावीत, कारण तिथली माणसं ओळखीची व्हायलाच तेवढी लागतात.