मायनस चारचा गॉगल

कात्रजच्या जुन्या घाटातून शिंदेवाडीकडे उतरताना रस्ता वाटीसारखा दिसायला लागला, तेव्हा आधी वाटलं की उपाशीपोटी निघालो त्याचा हा परिणाम. थांबलो, केळं खाल्लं, पाणी प्यायलो. पुन्हा पॅडलवर पाय ठेवला तर पुन्हा वाटी. कडेचा पांढरा पट्टा आत वळलेला, आणि खड्डा नेमका किती पुढे आहे याचा काही केल्या अंदाज येईना. शेवटी जर्सीच्या मागच्या खिशातला रोजचा चष्मा काढून लावला आणि रस्ता सरळ झाला.

गॉगल नवाकोरा होता, मायनस चार नंबर टाकून घेतलेला. चष्माही मायनस चारच. दुकानदाराने माझ्यासमोर यंत्रावर ठेवून नंबर दाखवला होता, आणि यंत्र खोटं बोलत नव्हतं. गंमत इथेच आहे.

डोळे तपासताना ती जड गोल फ्रेम नाकावर ठेवून एकेक काच आत सरकवतात ना, तेव्हा काच डोळ्यासमोर जवळजवळ सरळ उभी असते, डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटरवर. आपला नंबर म्हणजे त्या जागी आणि त्या कोनात ठेवलेल्या काचेचा नंबर. रोजच्या चष्म्यात काच जवळपास तशीच बसते. चेहऱ्याच्या ठेवणीप्रमाणे प्रत्येक बाजूला फार तर पाचेक अंश वळलेली. सायकलचा गॉगल मात्र चेहऱ्याला कवेत घेतो. तसा नसेल तर उतारावर वारा कडेने आत शिरतो, डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर वाळवतो, डोळा त्यावर उपाय म्हणून घळाघळा पाणी काढतो; आणि संध्याकाळी उसाच्या शेताजवळून जाताना चिलटं येतात ती वेगळीच. म्हणून खेळाच्या फ्रेममध्ये काच १५ ते २५ अंश वळलेली असते.

या वळणाने काय होतं ते घरबसल्या पाहता येईल. चष्मा काढा, एका डोळ्यासमोर नेहमीच्या अंतरावर धरा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत दार उघडतो तसा हळूहळू फिरवा. नंबर बऱ्यापैकी असेल तर चौकटींच्या उभ्या आणि आडव्या रेषा एकाच वेळी ठसठशीत दिसेनाशा होतात. तिरपी काच प्रकाशाला आडव्या दिशेने बरीच जास्त वळवते, उभ्या दिशेने किंचितच जास्त. दोन दिशांना दोन वेगळे नंबर, म्हणजे ज्याला आपण सिलिंडर म्हणतो तोच प्रकार. माझ्या डोळ्यात सिलिंडर नाही. तो गॉगलच्या वळणाने तयार केला.

किती? त्यासाठी एक सोपं सूत्र आहे, आणि घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेऊन तेच मांडलं. मायनस चारची काच ५ अंश वळवली तर तयार होणारा सिलिंडर ०.०३. कोणालाही कळणार नाही. तीच २० अंश वळवली तर मूळ नंबर ४.१५ होतो आणि वर ०.५५ चा सिलिंडर चढतो. कोन चौपट, दोष जवळपास अठरापट. कारण हा दोष कोनाच्या पटीत वाढत नाही, साधारण वर्गाच्या पटीत वाढतो. पाव नंबरने फरक पडला तरी आपण दुकानात परत जातो, आणि इथे अर्ध्याहून जास्त सिलिंडर डोळ्यावर घालून मी घाट उतरत होतो. यंत्रावर तो दिसला नाही कारण यंत्रावर काच सपाट टेकवून मोजतात. यंत्राला माझा चेहरा नसतो.

मायनस दीडवाल्यांनी याची फार काळजी करू नये. त्यांच्या वाट्याला याच वळणात जेमतेम ०.२ येतो. तीनच्या पुढे मात्र हे प्रकरण खरं होत जातं. ज्यांना मुळातच सिलिंडर आहे त्यांचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा, कारण नव्या सिलिंडरचा अक्ष, म्हणजे तो कोणत्या दिशेला बसतो ते, त्यांच्या अक्षाशी जुळेलच असं नाही. फार मोठ्या नंबरात अंतरही बोलायला लागतं: मायनस आठची काच डोळ्यापासून ५ मिलिमीटर लांब गेली तर तेवढंच स्पष्ट दिसायला ८.३३ लागतात.

उपाय आहे, आणि तो उलट्या बाजूने जातो. फ्रेमचं वळण, ती पुढे किती झुकते, डोळ्यापासून काच किती लांब बसते, एवढं मोजून लॅबला कळवलं की लॅब आधीच बिघडवलेला नंबर घासून देते, म्हणजे चेहऱ्यावर बसल्यावर तो सुधारतो. माझ्या २० अंशांच्या फ्रेमसाठी मायनस चार हवा असेल तर पाकिटावर साधारण मायनस ३.४०, सिलिंडर मायनस ०.४५, अक्ष १८० असं काहीतरी यायला हवं. दुकानात विचारायचा पहिला प्रश्न रंगाचा नाही, हा आहे: फ्रेमच्या वळणाप्रमाणे नंबर बदलून मिळेल का? समोरचा माणूस ‘नंबर तोच राहतो हो’ म्हणाला तर मायनस दीडवाल्याने बसावं, बाकीच्यांनी उठावं.

दुसरी गोष्ट माझ्याही लक्षात उशिरा आली. चष्मा बनवताना आपल्याला ताठ उभं करून बुबुळाच्या मध्यावर पेनने ठिपका काढतात. काचेचा केंद्रबिंदू तिथे येतो. पण खाली वाकलेलं हँडल धरून सायकल चालवताना पाठ वाकलेली, मान खाली आणि नजर वर असते. रस्ता आपण काचेच्या मध्यातून बघतच नाही, वरच्या कडेतून बघतो. (साध्या चष्म्याने लांबची राइड केली असेल तर भुवईसमोर फ्रेमची वरची कड किती छळते ते माहीत असेल. सायकलच्या गॉगलची काच कपाळापर्यंत चढते ती फॅशन म्हणून नव्हे.)

केंद्रापासून दूर गेलं की भिंग लोलकासारखं वागतं. मायनस चारच्या काचेत केंद्रापासून १ सेंटिमीटर वर बघितलं की ४ प्रिझम डायॉप्टर, म्हणजे १०० मीटरवरची वस्तू ४ मीटर सरकून दिसावी इतकं. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर दोन्हीकडे सारखंच सरकतं आणि मेंदू चालवून घेतो. पण लोलक आला की रंग आले. आकाशाच्या पार्श्वभूमीवर विजेच्या तारा बघा: तारेच्या एका बाजूला निळसर, दुसऱ्या बाजूला नारिंगी झालर दिसते.

ती झालर किती रुंद, हे काच कशाची आहे त्यावर ठरतं. आपण काच म्हणतो खरं, पण ती बहुतेक वेळा प्लास्टिकच असते. दुकानात ज्याला ‘फायबर’ म्हणतात ते सीआर-३९, १९४० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेलं रेझिन. करून बघितलेल्या मिश्रणांपैकी एकोणचाळिसावं, म्हणून ते नाव. ज्याला ‘अनब्रेकेबल’ म्हणून विकतात ते बहुधा पॉलिकार्बोनेट. काच रंग किती कमी फाकवते हे सांगणारा एक आकडा असतो, अ‍ॅबे नंबर. जितका मोठा तितकं बरं. सीआर-३९ चा ५८, पॉलिकार्बोनेटचा अवघा ३०. म्हणजे वरच्या कडेतून बघताना पॉलीत झालर जवळपास दुप्पट.

मग फायबरच घ्यावं? मी घेणार नाही. डंपरच्या मागच्या चाकातून उडालेली खडी ज्याने गालावर झेलली आहे तोही घेणार नाही. जोराचा आघात बसला तर सीआर-३९ चे तुकडे होऊ शकतात. पॉलिकार्बोनेट दबतं, चरे पडतात, पण ते सहसा फुटत नाही. या दोघांच्या मधलं एक आहे, ट्रायव्हेक्स: आघात जवळपास पॉलीइतका सोसतं, अ‍ॅबे नंबर ४४ च्या आसपास आणि वजनाला दोघांपेक्षा हलकं. आपल्याकडे ते सगळ्या दुकानांत नसतं, मागवावं लागतं. मोठ्या नंबरवाल्याने मागवावं.

अतिनील किरणांबद्दल इतकं बोललं जातं की मी थोडक्यात आटोपतो. काच किती काळी आहे याचा ती अतिनील किरण अडवते की नाही याच्याशी संबंध नाही. पॉलिकार्बोनेट मुळातच ते जवळपास सगळे शोषून घेतं, अगदी पांढरं असलं तरी. साध्या फायबरवर मात्र त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते. ४०० नॅनोमीटरपर्यंत संरक्षण आहे का, हे विचारून घ्यावं. वर्षानुवर्षं उन्हा-वाऱ्यात राहणाऱ्यांच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांसाचा पातळ पडदा सरकतो, तो पुष्कळसा याच किरणांचा प्रताप.

काळेपणाचा प्रश्न वेगळा आहे आणि नंबरवाल्यांसाठी तो जास्त टोकदार आहे. गॉगलच्या गडदपणाच्या ० ते ४ अशा पाच श्रेण्या आहेत. श्रेणी २ मध्ये १८ ते ४३ टक्के प्रकाश आत येतो, श्रेणी ३ मध्ये ८ ते १८, आणि ४ मध्ये ३ ते ८. चार नंबरची श्रेणी घालून गाडी चालवायची नसते. समुद्रकिनाऱ्यावर श्रेणी ३ सुखाची. पण कात्रजचा जुना बोगदा आठवा. बाहेर रणरणतं ऊन, आत मिट्ट, कडेला पाणी झिरपलेलं, मागून एसटीचा हॉर्न. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्याची बाहुली काही सेकंदांत रुंदावते, पण अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात. बोगदा त्याआधी कधीच संपतो. अशा वेळी आत असलेल्या इवल्याशा प्रकाशाचा दहावा हिस्साच डोळ्यात येत असेल तर खड्डा चाकालाच आधी कळतो. बिननंबरचे लोक गॉगल उचलून हेल्मेटवर अडकवतात आणि निघून जातात. आपण काढला तर बोगद्याच्या जोडीला मायनस चारचं धुकं.

यावर लोक फोटोक्रोमिक सुचवतात, उन्हात काळी होणारी, सावलीत उतरणारी काच. सल्ला वाईट नाही, पण तिचं वागणं समजून घ्यावं. तिच्यातले रेणू अतिनील किरण मिळाले की आकार बदलतात आणि दिसणारा प्रकाश शोषू लागतात. किरण थांबले की उष्णतेने हलत-डुलत मूळ आकारात परततात. काळं व्हायला एखादं मिनिट पुरतं, उतरायला काही मिनिटं लागतात. बोगद्यासाठी हे फारच सावकाश. शिवाय गरम हवेत परतीचा वेग वाढतो, म्हणून विदर्भातल्या मे महिन्यात, जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हा ती पुरेशी काळी होत नाही, आणि जानेवारीत महाबळेश्वरला मात्र झकास होते. तिची खरी जागा ब्रेवेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये आहे. ३०० किलोमीटरला २० तास असतात, पहाटेच्या काळोखात सुटून रात्री परत यायचं. तेवढ्यात दोन गॉगल सांभाळण्यापेक्षा ही एक काच बरी.

पोलराइज्डचं मला फारसं कौतुक नाही. पाण्यावरून किंवा डांबरावरून तिरपा परतणारा प्रकाश बराचसा आडव्या दिशेने कंप पावणारा असतो, आणि ही काच नेमका तोच गाळते. तलावावर, लांबच्या कार प्रवासात उत्तम. पण सायकलवर ती चकाकी ही बातमी असते: इथे ओल आहे, इथे डिझेल सांडलंय. शिवाय हँडलवरचा मोबाइल आडवा केला की काही पडदे काळेठिक्कर पडतात. रंगात करडा सगळे रंग आहेत तसे ठेवतो. तपकिरी निळा प्रकाश थोडा गाळतो, त्यामुळे खड्ड्याची कड जरा उठून दिसते. पिवळ्या काचेने रात्री उजेड वाढल्यासारखा वाटतो, वाढत नाही. कोणतीही रंगीत काच प्रकाश कमीच करते.

नंबर गॉगलमध्येच हवा असंही नाही. बिननंबरच्या गॉगलच्या आत नंबरची छोटी फ्रेम अडकवता येते. ती कमी वळलेली असल्याने सिलिंडरचा घोळ टळतो आणि मोठ्या नंबरवाल्यांना कित्येकदा तोच एक मार्ग उरतो. त्रास वाफेचा. चढावर घाम फुटलेला, वेग ताशी आठ किलोमीटर, हवा खेळत नाही. चेहऱ्याजवळची दमट हवा थंड काचेला लागते आणि एकाऐवजी दोन काचांवर दव धरतं. हिवाळ्याच्या पहाटे सिंहगड चढताना मी हे करून पाहिलंय, शेवटचे दोन वळसे अंदाजाने. कॉन्टॅक्ट लेन्स घातली तर यातलं काहीच उरत नाही, फक्त धूळ आणि वाऱ्याने लेन्स कोरडी पडते. कचरा गेलाच तर बाटलीतल्या पाण्याने ती धुवायची नाही, कारण साध्या पाण्यातला अमीबा डोळ्याला गंभीर इजा करू शकतो.

दुसरा गॉगल मी दुसऱ्या दुकानातून करून घेतला. ट्रायव्हेक्स, तपकिरी, श्रेणी २. फ्रेम चढवली, स्टुलावर बसलो, काउंटरच्या कडेला हँडलसारखं धरलं, मान खाली घातली आणि म्हटलं, आता ठिपका काढा. मागे एक आजी चष्म्याची दांडी बदलायला आल्या होत्या, त्या चष्मेवाल्याला म्हणाल्या, ‘आधी यांचं बघा, यांना बरं वाटत नाहीये.’ आठ दिवसांनी काचा आल्या. दुकानातल्या मुलाने पाकीट वाचलं, यंत्रावर काच ठेवली, पुन्हा पाकीट वाचलं आणि ओशाळून म्हणाला, ‘काका, लॅबने घोळ घातलाय. तुम्हाला सिलिंडर नाहीये ना?’

‘नाहीये,’ मी म्हटलं. ‘बसवून टाक.’