बुडबुड्यांचे संमीलन व विभंजन

संक्षुब्ध (भोवऱ्यांनी खळबळलेल्या) वायु-द्रव प्रवाहात बुडबुडे सतत एकमेकांत मिसळतात (संमीलन) व फुटतात (विभंजन). या दोन्ही क्रियांच्या त्वरा (घडण्याचे वेग) मांडणारी गणिती प्रतिमाने बुडबुडा स्तंभ (तळातून वायू सोडलेले द्रवाचे उभे पात्र), किण्वनपात्रे, अणुभट्टीतील उकळते पाणी, फुटणाऱ्या सागरी लाटा इ. ठिकाणी वापरतात. हिशेबाची चौकट संख्या-समतोलाची असते : प्रत्येक आकारमानाचे बुडबुडे किती निर्माण झाले व किती नाहीसे झाले, याची ती नोंद होय. रासायनिक अभियांत्रिकीत ती १९६४ च्या सुमारास हलबर्ट व कॅट्झ यांच्या लेखनातून रूढ झाली. तिची संमीलनविषयक पदे मात्र स्मोलुखोव्स्की यांच्या कलिल-साखळण्याच्या (द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म कण एकत्र येण्याच्या) सिद्धांतापर्यंत मागे जातात.

विभंजनाचा निकष कोल्मोगोरोव्ह (१९४९) व हिंझे (१९५५) यांच्या नावे ओळखला जातो. बुडबुड्याच्या व्यासाएवढ्या अंतरावरील वेगफरकामुळे पडणारा दाब पृष्ठताणाच्या दाबाहून पुरेसा अधिक झाला, की बुडबुडा फुटतो. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे वेबर अंक. हिंझे यांनी त्याचे क्रांतिक मूल्य सु. १·२ काढले, पण त्यामागील मोजमापे द्रवथेंबांची होती, हे अनेकदा विसरले जाते. पाण्यातील हवेसाठी, दर किग्रॅ.मागे १ वॉट ऊर्जाऱ्हास (संक्षोभाच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर) असता, हा निकष सु. २·४ मिमी. कमाल व्यास देतो. सेव्हिक व पार्क (१९७३) यांनी प्रत्यक्ष बुडबुड्यांवरून सु. १·३ हे मूल्य मांडले आणि फुटण्याचे कारण संक्षोभाशी होणारे अनुस्पंदन (संक्षोभाची व बुडबुड्याच्या स्वतःच्या आंदोलनाची कंप्रता जुळणे) मानले. आकडे जवळचे असले, तरी कारणमीमांसा निराळी आहे.

फुटल्यावर तुकडे केवढे होतात, हा प्रश्न अधिक वादाचा आहे. ल्युओ व स्वेंडसेन (१९९६) यांच्या प्रतिमानात बुडबुड्याएवढे वा त्याहून लहान भोवरेच त्याला फोडतात. मोठे भोवरे त्याला नुसते वाहून नेतात. त्यातून एक मोठा व एक अगदी लहान तुकडा पडण्याची शक्यता सर्वाधिक येते. मार्टिनेझ-बाझान व सहकारी (१९९९) यांच्या प्रतिमानात, उलट, दोन समान तुकडे सर्वाधिक संभाव्य ठरतात. लेर, मिलीस व मेवेस (२००२) यांचे प्रतिमान या दोहोंच्या मधले आहे. कोणत्याही मापाच्या नव्या पृष्ठाला ऊर्जा लागते आणि अतिसूक्ष्म तुकड्याच्या तीव्र वक्रतेमुळे त्याचा अंतर्दाब फार वाढतो. त्यामुळे शून्य आकारमानाकडे जाताना संभाव्यता वाढत नेणारी सूत्रे भौतिक दृष्ट्या कमी समाधानकारक वाटतात.

संमीलनाचे वर्णन बहुधा प्रिन्स व ब्लांच (१९९०) यांच्या धर्तीवर करतात. संक्षोभ, उत्प्लावन (वर उचलला जाण्याचा कल) व स्तरीय कर्तन (शेजारच्या द्रवथरांच्या वेगांतील फरक) यांमुळे टकरी होतात. टक्कर सफल होण्यासाठी मधला द्रवपापुद्रा संपर्क टिकेपर्यंत निचरून फाटावा लागतो. या प्रतिमानात पापुद्र्याची आरंभीची जाडी ०·१ मिमी. व फाटतानाची १० नॅनोमीटर धरली आहे. पृष्ठसक्रिय द्रव्ये (साबणासारखी पृष्ठताण घटविणारी द्रव्ये) व अनेक लवणे संमीलन रोखतात. काही लवणांचा मात्र परिणाम जवळजवळ होत नाही. याचे सर्वमान्य स्पष्टीकरण नाही आणि रूढ सूत्रांत त्याला स्थानही नाही.

स्तंभातील सरासरी व्यास जुळला म्हणून दोन्ही त्वरा बरोबर ठरत नाहीत. दोन्ही सारख्याच पटीने वाढविल्या, तरी अंतिम समतोल तोच राहतो. फरक दिसतो तो समतोल गाठण्यास लागणाऱ्या काळात, म्हणून वायू सोडण्याच्या जागेपासून वेगवेगळ्या उंचीवर घेतलेली मापने अधिक निर्णायक असतात. दाट थव्यांसाठीच्या दुरुस्त्या बहुतांशी अनुभवजन्य आहेत.