पाऊस नसलेल्या देशातली पहिली शहरं

नदी आली, नदीनं गाळ आणला, गाळात शेती झाली आणि शेतीतून संस्कृती उभी राहिली. शाळेत हे आपण इतक्या सहज पाठ करतो की त्यातली अडचण लक्षातच येत नाही. पश्चिम आशियात शेती सुरू झाली ती मोठ्या नद्यांच्या काठी नव्हे. गहू आणि सातू यांचे रानटी पूर्वज उगवायचे ते आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, सीरियात, पॅलेस्टाइनच्या टेकड्यांवर आणि इराणच्या झाग्रोस डोंगरांच्या उतारांवर. हिवाळी पाऊस भरवशाचा होता तो याच पट्ट्यात. तिथले लोक सुमारे दहा-साडेदहा हजार वर्षांपूर्वी पेरण्या करत होते. दक्षिण इराकमधलं उरुक हे मोठं शहर भरभराटीला आलं ते इ.स.पू. ३२०० च्या आसपास. मधल्या पाचेक हजार वर्षांत शेती होती, गावं होती, काही गावं चांगली मोठीही होती. पण ज्याला शहर म्हणावं असं काही तिथं फार काळ उभं राहिलं नाही.

त्या काळात पीक मात्र पार बदललं होतं. रानटी सातूची ओंबी पिकली की दाणे आपोआप गळून पडतात. वनस्पतीच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, बी पसरायला हवं ना. एखाद्या ताटात मात्र जनुकीय बदलामुळे दाणे ओंबीलाच धरून राहतात. रानात असं ताट वाया जातं. विळा घेऊन आलेल्या माणसाच्या पेंढीत मात्र तेच जास्त येतं, आणि पुढच्या वर्षी पेरलंही तेच जातं. पिढ्यान् पिढ्या हे चालू राहिलं आणि माणसानं मळणी केल्याशिवाय ज्याचं बी सुटत नाही असं धान्य तयार झालं. सांगली-साताऱ्याकडे अजून पिकणारा खपली गहू याच जुन्या घराण्यातला.

हे धान्य घेऊन लोक डोंगर उतरले. मध्य इराकमध्ये चोगा मामी या ठिकाणी इ.स.पू. ६००० च्या सुमाराचे पाट सापडले आहेत. त्यापुढे दक्षिणेला वर्षाकाठी जेमतेम १००-१५० मिलिमीटर पाऊस पडतो. कोरडवाहू सातूला निदान २०० मिलिमीटर तरी लागतो. म्हणजे नदीचं पाणी शेतात आणल्याशिवाय तिथं दाणा पिकणार नव्हता.

आणि नदीही सोयीची नव्हती. नाईलला पूर यायचा उन्हाळ्याच्या अखेरीस. तो ओसरला की ओल्या गाळात पेरणी करायची, निसर्गानं वेळापत्रक जणू शेतकऱ्याला विचारूनच आखलेलं. इराकमधल्या युफ्रेटिस आणि टायग्रिस यांना पूर यायचा तो तुर्कस्तानच्या डोंगरांतलं बर्फ वितळल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे सातू कापणीला आलेला असतो तेव्हा. शरदात पेरणीसाठी पाणी हवं असतं तेव्हा नदी अगदी खाली गेलेली. एक गोष्ट मात्र फायद्याची होती. गाळ साचून साचून युफ्रेटिसचं पात्र आसपासच्या सपाटीपेक्षा उंच झालेलं असतं. काठाला खाच पाडली की पाणी उतारानं आपोआप शेतात जातं. तीच खाच पुरात बुजवली नाही तर उभं पीक गेलंच.

पाणी आणायचं आणि तेच पाणी अडवायचं, या दुहेरी कामातून राज्यसत्ता जन्मली, अशी मांडणी इतिहासकार कार्ल विटफोगेल यांनी १९५७ मध्ये केली. मोठे कालवे म्हणजे मोठी मजूरफौज, ती हाकायला नोकरशाही आणि वर हुकूमशहा, असा तो तर्क. पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट ॲडम्स यांनी इराकच्या मैदानात जुन्या वसाहती आणि कालव्यांच्या खुणा शोधत पाहणी केली तेव्हा चित्र उलटं निघालं. सुरुवातीचे पाट लहान होते, गावकऱ्यांना आपापसांत सांभाळता येतील एवढे. प्रचंड कालवे आले ते राज्यं स्थिरावल्यानंतर. मला ॲडम्स यांचं म्हणणं जास्त पटतं. बांध-पाटांची कामं गाव आपल्या बळावर करू शकतं, तेवढ्यासाठी राजा लागत नाही.

मग राजाला, किंवा त्याआधी देवळाला, पकड मिळाली कुठून? माझ्या मते सातूमधून. कंदमुळं जमिनीत राहतात, हवी तेव्हा उकरता येतात. कर गोळा करणाऱ्याला त्यांचा पत्ता लागणं कठीण. सातू सगळ्यांच्या देखत, एकाच वेळी पिकतो. वाळवला की टिकतो, मापानं मोजता येतो, हवा तेवढा वाटता येतो. शिवाय दक्षिण इराकमध्ये पाण्याच्या वाटा सगळीकडे, त्यामुळे जड धान्य होडीनं दूरवर नेणं सोपं. साठवता, मोजता आणि वाहून नेता येणारं अन्न ज्याच्या कोठारात, त्याला शेतीबाहेरचे हात पोसता येतात.

उरुकमध्ये याचा ढीगभर पुरावा आहे. तिथल्या पहिल्या लेखी पाट्यांवर ना स्तोत्रं आहेत ना राजांचे पराक्रम. बहुतेक पाट्या म्हणजे हिशेब आहेत: किती सातू आला, किती मेंढ्या, किती बिअर गेली. एका पाटीवर २९,०८६ मापं सातू, ३७ महिने, आणि ‘कुशिम’ अशी नोंद आहे. कुशिम हे माणसाचं नाव की हुद्द्याचं, हे ठरलेलं नाही. माणसाचं असेल तर इतिहासात नाव उरलेल्या अगदी पहिल्या माणसांत एक कोठारवाला कारकून आहे, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. तिथंच साच्यातून काढलेले ओबडधोबड मातीचे वाडगे हजारोंनी सापडतात. मजुरांना रोजचं धान्य वाटायला ते वापरत असावेत, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. ‘खाणे’ या अर्थाच्या चिन्हात माणसाचं डोकं आणि असा वाडगा शेजारी शेजारी काढलेला आहे.

तरी पाट आणि कोठार असलं की शहर होतंच, असं नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातलं गाव सापडलं. तिथं सातू होता, पुराचं पाणी वळवणारा बांध आणि पाट होता, पाच खोल्यांचं प्रमुखाचं म्हणावं असं घर आणि त्याच्या शेजारी कोठारही होतं. शहर झालं नाही. सुमेरमध्ये, म्हणजे उरुक असलेल्या दक्षिण इराकमध्ये, दगड नाही, चांगलं लाकूड नाही, तांबं नाही. सगळं बाहेरून आणावं लागे, बदल्यात धान्य आणि लोकरी कापड द्यावं लागे. इनामगावकरांवर ही पाळी नव्हती, आणि घोड नदी युफ्रेटिससारखी बारमाही होड्यांची वाटही नव्हती.

सुमेरच्या याच पाण्यात पुढचं संकटही विरघळलेलं होतं. नदीच्या पाण्यात थोडे क्षार असतातच. सपाट जमिनीत निचरा होत नाही, भूजल वर येतं, ऊन पाणी ओढून घेतं आणि मीठ वर फुटतं. कृष्णा-वारणेच्या काठची क्षारपड रानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगायला नको. सातू गव्हापेक्षा मीठ जास्त सोसतो. दक्षिणेत गहू मागे पडत गेला तो जमिनी खारावल्यामुळे, असं सुमेरचे अभ्यासक थोर्किल्ड जेकबसेन आणि ॲडम्स यांनी १९५८ मध्ये मांडलं. नुकसान नेमकं किती झालं यावर अजून वाद आहे. शेतकऱ्यांकडे एक जुना उपाय होता: एक वर्षाआड रान पड टाकायचं. त्या वर्षी खोल मुळांची झुडपं माजतात आणि भूजल खाली नेतात. पण वरून धान्याची मागणी वाढली की पहिली कात्री लागायची ती या पड वर्षालाच.