यादीत दोनदा नाव असणं आणि दोनदा मत देणं

मार्च २०१४ मध्ये नवी मुंबईत माथाडी कामगारांचा मेळावा झाला. लोकसभेचा प्रचार ऐन भरात होता. तेव्हा केंद्रात मंत्री असलेले शरद पवार व्यासपीठावरून जे बोलले त्याचा मथितार्थ असा: साताऱ्यात मतदान १७ एप्रिलला आहे, इथे २४ एप्रिलला, तिकडे घड्याळाला मत द्या, परत या, इकडेही द्या, फक्त मधल्या काळात बोटावरची शाई पुसा. गदारोळ झाला. निवडणूक आयोगाने नोटीस बजावली आणि आपण ते गमतीत बोललो होतो, असा खुलासा पवारांनी केला.

ही गंमत नवी मुंबईतच का सुचावी, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मशीद बंदरचा घाऊक बाजार तुर्भ्याच्या एपीएमसीत आला आणि त्यामागोमाग पाठीवर गोणी वाहणारी माणसं कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत स्थिरावली. त्यांतली बरीचशी सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतल्या डोंगरी तालुक्यांमधली. रेशनकार्ड इकडचं, सातबारा तिकडचा. पोरांची शाळा इकडे, गावदेवीची जत्रा तिकडे. आणि मतदार यादीतलं नाव बऱ्याचदा दोन्हीकडे.

गल्लत होते ती इथे. यादीत दोन ठिकाणी नाव असणं ही एक गोष्ट आहे आणि त्या दोन्ही ठिकाणी जाऊन मत देणं ही अगदी वेगळी. पहिला यादीचा दोष आहे, तो बहुतेक वेळा आळसातून किंवा अज्ञानातून होतो. दुसरा माणसाने जाणूनबुजून केलेला गुन्हा आहे. गेल्या काही महिन्यांत या दोन्ही गोष्टी इतक्या सरसकट एकत्र बोलल्या गेल्या आहेत, की ज्यांची नावं चुकून दोन ठिकाणी राहिली आहेत त्यांना मतदानाला जायची धास्ती वाटते, आणि जे खरंच दोनदा मत देतात ते गर्दीत लपून जातात.

आधी नावाचं बघू. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एका माणसाचं नाव एकापेक्षा जास्त मतदारसंघांच्या यादीत असता येत नाही. कलम १८ सांगतं, की एकाच मतदारसंघातही ते दोनदा असता कामा नये. नियम इतका सरळ असताना नावं दोनदा येतात कशी?

सगळ्यात जास्त येतात ती घर बदलल्यामुळे. नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला जाते, भाडेकरू घोडबंदर रोडला राहायला जातो. तिथे सोसायटीत कुणीतरी कॅम्प लावतं, नवीन नावनोंदणीचा नमुना ६ भरून घेतं. खरं तर अशा वेळी भरायचा असतो नमुना ८, स्थलांतराचा. त्यात जुनी नोंद निघते आणि नवी लागते, ओळखपत्राचा क्रमांकही तोच राहतो. नमुना ६ भरला की यंत्रणेच्या लेखी एक नवा मतदार जन्माला येतो आणि जुना नौपाड्यातच राहतो. तिथे जाणाऱ्या बीएलओला, म्हणजे यादी तपासायला घरोघर फिरणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, इमारतीच्या जागी पत्रे ठोकलेले दिसतात. विचारणार कुणाला?

दुसरं कारण बायकांच्या नावाचं, आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. कराडच्या यादीत एक मुलगी वडिलांच्या नावाने आणि माहेरच्या आडनावाने नोंदलेली असते. लग्न होऊन ती कळव्याला येते, मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, कधीकधी पहिलं नावसुद्धा. नावावरून दुबार शोधणाऱ्या संगणकाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. उलट माथाडी वसाहतीच्या यादीत जाधव, शिंदे, मोरे अशी आडनावं आणि संतोष, सुनील, मंगल अशी नावं पानोपानी असतात. तिथे खरोखर वेगळी असलेली दोन माणसं संगणक एकच धरतो. म्हणजे खरी दुबार नोंद सुटते आणि खोटी पकडली जाते. म्हणून नुसत्या नावांची जुळणी करून कुणी आकडा जाहीर केला, की तो आकडा मी जपूनच घेते. फोटो, वय आणि पत्ता जुळवल्याशिवाय आणि शेवटी दारात जाऊन विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

ओळखपत्राच्या क्रमांकाचा घोळ तर आणखी वेगळा. मार्च २०२५ मध्ये निवडणूक आयोगानेच मान्य केलं, की वेगवेगळ्या राज्यांतल्या काही मतदारांना एकच क्रमांक दिला गेला होता. तिथे माणसं दोन आणि क्रमांक एक. दुबार नावात माणूस एक आणि नोंदी दोन. समाजमाध्यमांवर मात्र दोन्हींचे स्क्रीनशॉट एकाच आरोपाखाली फिरत होते.

यादीतलं जास्तीचं नाव नेहमी निरागस असतं, असंही नाही. नमुना ६ वर सही करताना माझं नाव दुसऱ्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाही, असं आपण लिहून देतो. गावचं नाव शाबूत आहे हे ठाऊक असून अशी सही केली, तर ते खोटं निवेदन ठरतं. १९५० च्याच कायद्याच्या कलम ३१ नुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण ही शिक्षा खोटं बोलल्याची आहे, मत दिल्याची नाही. आणि चूक झाली की जाणूनबुजून केलं, हे तिथे सिद्ध करावं लागतं.

आता मताकडे येऊ. १९५१ च्या कायद्याचं कलम ६२ म्हणतं, की एका सार्वत्रिक निवडणुकीत एकाच प्रकारच्या दोन मतदारसंघांत कुणी मत देऊ नये, आणि दिलं तर त्याची सगळीच मतं रद्दबातल. फक्त दुसरं नव्हे. २०१४ मध्ये एखाद्याने तो सल्ला खरा मानून साताऱ्यात आणि मग ठाण्यात मत दिलं असतं, तर त्याचं साताऱ्याचं प्रामाणिक मतही कायद्याच्या नजरेत मातीमोल झालं असतं. एकाच मतदारसंघात नाव दोनदा लागलं म्हणून दोनदा मत दिलं, तरी तेच. यादीने चूक केली म्हणून मतदाराला दुसरा हक्क मिळत नाही.

शिवाय तो फौजदारी गुन्हा आहे. एकदा मत देऊन झाल्यावर त्याच निवडणुकीत स्वतःच्या नावाने पुन्हा मत मागणं, यालाही कायदा तोतयेगिरीच म्हणतो. पूर्वी हे भारतीय दंड संहितेत होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १७२ मध्ये आहे, आणि कलम १७४ प्रमाणे शिक्षा एक वर्षापर्यंत. या व्याख्येत असं मत द्यायला चिथावणी देणारा आणि तसा प्रयत्न करणाराही येतो. माइकसमोर उभं राहणाऱ्या प्रत्येकाने हे पाठ करून ठेवायला हवं. दोनदा मत द्या, हे वाक्य सभेत हजारो माणसं ऐकतात. त्यांतल्या काहींना ती गंमत वाटते, काहींना युक्ती, आणि काहींना नेत्याची परवानगी. गंमत म्हणून बोललेलं गंमत म्हणूनच ऐकलं जाईल, याची हमी कुठलाच नेता देऊ शकत नाही.

झालेलं दुबार मत शोधून मतमोजणीतून वगळता येतं का? जवळजवळ नाही. केंद्रावर नमुना १७क च्या रजिस्टरमध्ये मतदाराचा यादीतला क्रमांक लिहिला जातो, सही किंवा अंगठा घेतला जातो. साताऱ्याच्या आणि ठाण्याच्या रजिस्टरांत एकाच माणसाच्या दोन सह्या सापडल्या, तर गुन्हा सिद्ध करायला तो भक्कम पुरावा आहे. पण यंत्रात त्याने कुठलं बटण दाबलं ते कुणालाच कळत नाही, आणि कळता कामाही नये. मत गुप्त आहे म्हणून तर ते आपलं आहे. निकालाला आव्हान द्यायचं तर ४५ दिवसांत निवडणूक याचिका करावी लागते आणि अशा मतांमुळे निकाल बदलला, हे दाखवावं लागतं. म्हणून दुबार मत थांबवायची खरी जागा एकच: मतदान केंद्रातलं ते टेबल.

त्या टेबलापाशी काय घडतं, ते मी उमेदवाराची मतदान प्रतिनिधी म्हणून बसून पाहिलेलं आहे. पहिला अधिकारी नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो, म्हणजे आम्हा प्रतिनिधींना आपल्याकडच्या यादीत खूण करता यावी. पुढचा अधिकारी डावी तर्जनी बघतो. तिच्यावर आधीच खूण असेल, मतदार बोट दाखवायला नकार देत असेल किंवा शाई पुसायची खटपट करत असेल, तर निवडणूक नियमांतल्या नियम ४९ट प्रमाणे त्याला मत देऊ दिलं जात नाही. ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं आणि १९६२ पासून ती देशभर वापरली जाते. नखाच्या कडेत शिरलेली ती रेघ नख वाढेपर्यंत हटत नाही. पण ती नीट लावली तर. घाईगर्दीत ओझरती लावली आणि लगेच पुसली, तर सगळी व्यवस्था त्या टोकालाच फसते. म्हणूनच शाई पुसा हा सल्ला मला दोनदा मत द्या यापेक्षाही जास्त खुपतो. गरीब-श्रीमंत सगळ्यांना एका मतावर आणणारी एवढी साधी, स्वस्त आणि डोळ्यांना दिसणारी सोय आपल्याकडे दुसरी नाही.

प्रतिनिधीला समोरच्या माणसाबद्दल शंका आली, तर तो आक्षेप घेऊ शकतो. त्यासाठी केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये रोख भरावे लागतात. आक्षेप उगाचच घेतलेला निघाला तर ते जप्त होतात, खरा निघाला तर तोतया पोलिसांच्या ताब्यात जातो. पण हा आक्षेप असतो ओळखीबद्दलचा: हा माणूस यादीतला तो माणूस नाही, असा. याचं नाव गावीही आहे म्हणून याला मत देऊ देऊ नका, असं म्हणता येत नाही. नाव यादीत आहे, ओळख पटली आहे, बोटावर खूण नाही, म्हणजे तो मतदार आहे. आमच्या खोलीत यावरून वाद झालेला मला आठवतो. केंद्राध्यक्ष बाईंनी पुस्तिका उघडून ओळ दाखवली आणि त्या गृहस्थांना पुढे सोडलं. त्या बरोबर होत्या.

जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांच्या आधी दुबार नावांवरून मोर्चे निघाले. प्रश्न रास्त होता. यादीतली एवढी ढिलाई खपवून घ्यायचं काही कारण नाही आणि नाव दोनदा आहे म्हणजे मत दोनदा पडलं असं नव्हे, एवढ्या उत्तरावर यंत्रणेला सुटता येणार नाही. प्रत्येक जास्तीची नोंद म्हणजे कुलूप नसलेलं एक दार आहे. पण त्याच काळात व्यासपीठांवरून दुबार मतदार दिसला की त्याला चोप द्या, अशीही भाषा झाली, आणि तिची मला काळजी वाटते. केंद्राबाहेर उभा असलेला कार्यकर्ता ओळखणार कुणाला? यादीत ज्याचं नाव दोनदा आहे त्याला. म्हणजे घर बदललेल्या भाडेकरूला, लग्न होऊन आलेल्या सुनेला. शाई पुसून आलेला पक्का गुन्हेगार त्याच्या यादीत असेलच असं नाही. एका भाषणाने गुन्ह्याला युक्ती ठरवलं, दुसऱ्याने चुकीला गुन्हा ठरवलं. दोन्हींचा फटका मतदानावरच्या विश्वासालाच बसतो.

राज्य निवडणूक आयोगाने त्या वेळी काढलेला मार्ग मला तरी शहाणपणाचा वाटला. महापालिकेची यादी राज्य आयोग स्वतः बनवत नाही, विधानसभेची यादीच प्रभागांप्रमाणे फोडतो. त्यामुळे नावं उडवायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. त्याने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले. अशा मतदाराने कुठल्या केंद्रावर मत देणार ते आधी कळवायचं, आणि कळवलं नसेल तर केंद्रावर हमीपत्र लिहून द्यायचं. हक्क शाबूत राहिला आणि दोनदा मत द्यायची वाटही अडली.

नाव मुळातून काढायला वेळ लागतो, कारण १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हे बंधन असलंच पाहिजे. नाहीतर कुणीही उठून शेजाऱ्याचं नाव उडवेल.

तुमचं स्वतःचं नाव दोन ठिकाणी असेल, तर कुठलं ठेवायचं? कायदा बघतो ते तुमचा नेहमीचा मुक्काम कुठे आहे हे. त्याच कायद्याचं कलम २० स्पष्ट सांगतं, की गावी घर आहे एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. गावच्या ग्रामपंचायतीत आपलं मत असावं ही ओढ मला समजते, आमच्याही घरात ती आहे. पण वर्षातले बहुतेक दिवस घणसोलीत काढणाऱ्याचं नाव घणसोलीत असायला हवं. नुसतं घर बदललं असेल आणि नाव अजून जुन्याच पत्त्यावर असेल, तर नमुना ८ भरावा. नाव आधीच दोन्हीकडे लागलं असेल, तर नको असलेल्या ठिकाणचं काढायला नमुना ७ भरावा. तो तिथल्या बीएलओकडे देता येतो किंवा आयोगाच्या संकेतस्थळावरून भरता येतो, अडलं तर १९५० हा क्रमांक आहे. अर्जाची पोच जपून ठेवावी. पुढची प्रारूप यादी लागली, की नाव खरोखर निघालं का ते दोन्ही ठिकाणी तपासावं, आणि नसेल निघालं तर ती पोच घेऊन मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे जावं.