कोंक (फ्रान्स)

कोंक हे दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों जिल्ह्यातलं डोंगरउतारावरचं छोटंसं गाव आहे, खाली दूर्दू नदीची दरी, वर दगडी पातळ फरश्यांनी शाकारलेली घरं. नाव ऐकून कोकण आठवतं पण संबंध काही नाही, शंखशिंपल्यासारख्या आकाराच्या जागेवरून ते पडलं असं सांगतात. 2016 पासून शेजारची गावं जोडून ते कोंक-आं-रुएर्ग या मोठ्या ग्रामपंचायतीत गेलंय.

गावाचं नशीब उघडलं ते सरळसरळ चोरीमुळे! आजां शहरात संत फ्वा या रोमन काळात मारल्या गेलेल्या कोवळ्या मुलीच्या अस्थी होत्या. कथा अशी की 9व्या शतकात इथल्या एका साधूने तिकडे जाऊन वर्षानुवर्षं राहून सगळ्यांचा विश्वास मिळवला आणि एके दिवशी अस्थी घेऊन पसार झाला. मग काय, चमत्कारांच्या गोष्टी पसरल्या, ल प्वी गावाहून स्पेनमधल्या सांतियागोकडे चालत जाणारे यात्रेकरू इथे थांबायला लागले (आपल्या वारीसारखंच, मुक्काम ठरलेले) आणि 11व्या-12व्या शतकात मोठं चर्च उभं राहिलं. त्याच्या दारावर कयामतच्या दिवसाच्या न्यायाचं शिल्प आहे, 124 आकृत्या, स्वर्ग एकदम शिस्तीत आणि नरकात नुसता गोंधळ, खरं सांगायचं तर नरकाची बाजूच जास्त बघावीशी वाटते. कमानीच्या कडेने काही चेहरे चोरून डोकावतायत ते शोधायला विसरू नका.

अस्थी ठेवल्या त्या सिंहासनावर बसलेल्या मूर्तीत, आत लाकूड, वर सोन्याचा पत्रा, रत्नं जडवलेली, आणि डोकं मात्र त्याहून जुनं, रोमन काळातलं, दुसऱ्याच कुठल्या तरी पुतळ्याचं. 11व्या शतकात आंजेचा बर्नार नावाचा धर्मपंडित इथे आला, आधी ही तर ज्युपिटर या रोमन देवाच्या पूजेसारखी मूर्तिपूजा म्हणून त्याने नाक मुरडलं, नंतर त्यानेच तिच्या चमत्कारांचं पुस्तक लिहिलं.

राज्यक्रांतीत चर्चमधलं सोनंनाणं सरकार वितळवत होतं तेव्हा गावकऱ्यांनी हा खजिना घराघरांत लपवला आणि वातावरण निवळल्यावर परत आणून दिला, म्हणूनच आज तो तिथे बघता येतो. चर्च मात्र मोडकळीला आलेलं, 1837 मध्ये स्मारकांचे निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे आले आणि त्यांनी ते वाचवायला लावलं.

जवळच्या रोदेझचे चित्रकार प्येर सूलाज यांनी 1994 पर्यंत इथल्या 104 खिडक्यांना नवीन काचा बसवल्या. रंग अजिबात नाही, काच धुरकट, पण बाहेरचं ऊन जसं फिरतं तशी तीच काच कधी निळसर तर कधी नारिंगी दिसते.